शोभेची शिबंदी

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात दर वर्षी एप्रिलमध्ये, न्यू हेवन शहराच्या मधल्या मोठ्या मैदानावर, एक ठरलेलं भांडण होतं. लाल कोटातलं एक पथक कवायत करत येतं. त्याचा कप्तान गावच्या कारभाऱ्यांकडे दारूकोठाराच्या किल्ल्या मागतो. कारभारी काही दाद देत नाहीत. कप्तान कोठार फोडायची धमकी देतो, थोडी तणातणी होते आणि किल्ल्या त्याच्या हाती पडतात. लोक टाळ्या वाजवतात. २२ एप्रिल १७७५ ला हे खरोखर घडलं होतं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनला इंग्रज फौजेशी, स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात ठरलेली, चकमक झाल्याची बातमी येऊन थडकली होती, गावसभेनं सशस्त्र मदत पाठवायची नाही असं ठरवलं होतं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये विधिमंडळाच्या सनदेनं उभ्या राहिलेल्या पथकाच्या कप्तानानं तो निर्णय धुडकावून लावला.

त्या कप्तानाचं नाव बेनेडिक्ट अर्नोल्ड. पुढे १७८० मध्ये वेस्ट पॉइंटचा किल्ला इंग्रजांच्या घशात घालायला निघालेला आणि सप्टेंबर १७८१ मध्ये इंग्रजांची तुकडी घेऊन येऊन याच कनेक्टिकटमधलं न्यू लंडन जाळणारा तोच हा अर्नोल्ड. अमेरिकेत आजही एखाद्याला फितूर म्हणायचं तर याचं नाव घेतात. पण एप्रिलमधल्या त्या दिवशी त्याच्या नावानं टाळ्या पडतात, आणि त्या पडतात कशासाठी, तर हाती बंदुका असलेल्या माणसांनी नागरी कारभाऱ्यांना न जुमानल्याबद्दल. त्या वेळी ते देशाच्या भल्याचं ठरलं, म्हणून साजरं होतं.

हे पथक म्हणजे गव्हर्नरच्या फूट गार्डची दुसरी कंपनी. पहिली कंपनी त्याआधीची, १७७१ ची, हार्टफर्डची. शिवाय घोडदळाच्या दोन कंपन्या आहेत. त्यातल्या पहिलीला १७८८ मध्ये आणि दुसरीला १८०८ मध्ये सनद मिळाली. आज यांचं काम म्हणजे गव्हर्नरच्या शपथविधीला मानवंदना देणं, मिरवणुकीत पुढे चालणं, बँड वाजवणं. आपल्याकडे न्यायमूर्तींच्या पुढे चोपदार चालतो, तसला हा लवाजमा. पण कागदावर ही मंडळी चोपदार नाहीत. राज्याच्या सैनिकी कायद्यात, नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या शेजारी, राज्याच्या सशस्त्र दलांचा भाग म्हणून त्यांचं नाव आहे.

असा कायदा दुरुस्तीला आला की सगळीकडे चर्चेचं वळण एकच असतं. एक बाजू विचारते, एकविसाव्या शतकात घोड्यांच्या चाऱ्यावर जनतेचा पैसा कशाला? दुसरी बाजू परंपरेची शपथ घालते. दोघंही खर्चावर बोलतात, आणि खर्च हा या प्रकरणातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग आहे. या पथकांतले बहुतेक जण हौसेनं, स्वतःचा वेळ देऊन येणारे. पथकं बंद केली तर राज्याच्या तिजोरीत जे वाचेल त्यातून फारसं काही उभं राहणार नाही. माझं म्हणणं असं की ही पथकं ठेवावीत, पण कायद्याच्या आत ठेवावीत. आणि आत म्हणजे नुसतं यादीत नाव नव्हे, तर हुकूम कोणाचा, भरती कोणाची, पैसा कोणाचा आणि शस्त्र कधी उचलायचं, हे सगळं विधिमंडळानं लिहून ठेवावं. शोभेची म्हणून या तुकड्यांकडे डोळेझाक करणारा कायदा पुढे कधीतरी महागात पडतो.

अमेरिकी संसदेनं ८ मे १७९२ रोजी मिलिशियाचा, म्हणजे नागरिकांच्या फौजेचा, एकसारखा कायदा केला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या नागरिकानं नाव नोंदवायचं आणि बंदूक, संगीन, दारूगोळा स्वतःचा आणायचा. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचं तर अख्खा देश शिलेदारीवर. त्या कायद्यात शेवटाकडे एक कलम होतं: राज्याराज्यांत आधीपासून ज्या स्वतंत्र तुकड्या आहेत, ज्या साध्या मिलिशियाच्या नियमांत बसत नाहीत, त्यांनी आपापले रूढ मानपान राखावेत. सगळ्यांना एका पंक्तीला बसवायचं आणि दोन-चार मानकऱ्यांना वेगळा पाट मांडायचा, असा तो प्रकार. १९०३ मध्ये संसदेनं जुना मिलिशिया मोडून आजच्या नॅशनल गार्डचा पाया घातला, केंद्राचा पैसा आणि केंद्राची शिस्त आणली, तरी १७९२ च्या आधीच्या तुकड्यांचे मानपान तेवढे शाबूत राहिले. शंभराहून जास्त वर्षांत मिलिशियाचा पाया पार बदलला, पण त्या एका ओळीला कोणी हात लावला नाही.

मानपान असलेली तुकडी म्हणजे काय असते, याचा एक नमुना शेजारच्या ऱ्होड आयलंडमधला. १७७४ मध्ये तिथे केंटिश गार्ड्स नावाचं पथक निघालं. उभारणाऱ्यांत नथॅनिएल ग्रीन होता. गडी लंगडत चालायचा. कवायतीत ते बरं दिसत नाही म्हणून त्याला अधिकारी करायला पथकातल्या मंडळींनी नकार दिला, आणि तो साधा शिपाई म्हणून उभा राहिला. पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडनं आपल्या साऱ्या फौजेचं सेनापतिपद याच ग्रीनला दिलं, आणि युद्ध संपेपर्यंत तो वॉशिंग्टनच्या सर्वांत भरवशाच्या सेनापतींपैकी एक गणला गेला. पथकाला रांग सरळ दिसायला हवी होती, राज्याला माणूस हवा होता. पथकाचा निकष राज्यानं उचलला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

हा किस्सा हसण्यावारी नेता येतो. १८५५ चा नाही. त्या सुमारास न्यू इंग्लंडात आयरिश कॅथलिक स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं आणि त्या लाटेवर निवडून आलेला विल्यम मायनर कनेक्टिकटचा गव्हर्नर झाला. त्यानं मिलिशियातल्या आयरिश कंपन्या मोडीत काढल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर हेन्री गार्डनरनं तेच केलं. मोडीत काढलेल्या या तुकड्या लढाईत हरल्या नव्हत्या, बंड करून उठल्या नव्हत्या. गणवेश घालून रस्त्यानं चालायच्या, एवढंच. पण चालणारे आयरिश होते. राज्याच्या नावानं कोण मिरवतो हा प्रश्न किती टोकाचा असतो, ते इथे दिसतं. ज्याला मिरवणुकीत जागा त्याला राज्यात जागा, हे जसं मायनरला कळत होतं तसंच आयरिशांनाही. सहा वर्षांनी यादवी युद्ध पेटलं आणि माणसं कमी पडायला लागली, तेव्हा याच कनेक्टिकटला आयरिशांची नववी रेजिमेंट उभी करावी लागली, आणि ती लढायला गेली.

म्हणून पथकांचं अस्तित्व गव्हर्नरच्या एका सहीवर ठेवायला माझा विरोध आहे. गव्हर्नर सेनाप्रमुख असतो, त्यानं हुकूम द्यावा, पण कोणती तुकडी असावी आणि कोणाला तिच्यात घ्यावं हे विधिमंडळानं, भर सभेत, विरोधकांसमोर ठरवावं. निकषही लेखी असावेत. ज्या पथकात आजोबांच्या ओळखीवर नातू शिरतो, त्यानं राज्याचं चिन्ह छातीवर लावू नये.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एवढा खटाटोप कशाला? या हौशी मंडळींना खासगी संस्था काढू द्या. ऐतिहासिक पोशाखाची मंडळं जगभर असतात. सरकारनं अंग काढून घ्यावं, चारा त्यांचा, टोप्या त्यांच्या, हौस त्यांची.

दिसायला सोपा, पण यातच खरी मेख आहे. सैन्यासारखी दिसणारी, सैन्यासारखी चालणारी, हातात बंदुका असलेली माणसं खासगी झाली की काय होतं, हे इलिनॉय राज्यानं १८७९ मध्ये अनुभवलं. १८७७ च्या रेल्वे संपात गोळीबार झाले होते, शिकागोत माणसं मेली होती. जर्मन कामगारांनी त्याआधीच, १८७५ मध्ये, लेअर उंड वेअर फेराइन (शिक्षण आणि संरक्षण संघ) नावाची संघटना काढून बंदुकांसह कवायत सुरू केली होती. पुन्हा संप झाला तर मार खायचा नाही, असा त्यांचा पवित्रा. राज्यानं मिलिशियाची नव्यानं रचना करणारा कायदा केला आणि त्यातच एक कलम घातलं: राज्याची नोंदलेली मिलिशिया आणि केंद्राच्या फौजा सोडून कोणीही गव्हर्नरच्या परवान्याविना सैनिकी तुकडी काढायची नाही, शहरात शस्त्रांसह कवायत किंवा मिरवणूक करायची नाही. त्याच वर्षी हर्मन प्रेसर नावाचा गृहस्थ घोड्यावर बसून, हातात घोडदळाची तलवार घेऊन, सुमारे चारशे बंदूकधाऱ्यांच्या पुढे शिकागोच्या रस्त्यावर निघाला. परवाना नव्हता. दंड दहा डॉलर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १८८६ मध्ये निकाल लागला की सैनिकी संघटना, कवायत आणि सशस्त्र संचलन हे विषय सरकारच्या ताब्यातले आहेत, कायद्यावेगळा कुणाचा हक्क म्हणून ते मागता येत नाहीत.

मला हा निकाल पटतो, पण त्या कायद्याचा आनंद मात्र होत नाही. कामगारांच्या पथकाला परवाना लागणार होता. शिकागोतले धनिक मात्र सरकारमान्य मिलिशियाला शस्त्रांसाठी वर्गणी देत होते, आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. कायद्याला पुस्तीही जोडली होती: परोपकारी आणि सामाजिक मंडळांना तलवारी लटकवायला बंदी नाही. प्रतिष्ठितांच्या मंडळांनी कमरेला तलवार लावली तर ती शोभा, कामगारानं खांद्याला बंदूक लावली तर तो धोका. नियम असाच हवा होता, पण सगळ्यांना सारखा हवा होता.

तरीही खासगी फौजेपेक्षा तो नियम बरा, हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. १९४८ पर्यंत रझाकार हीसुद्धा स्वयंसेवकांचीच संघटना होती. तेही कवायत करत होते, त्यांनाही गणवेश होता, आणि निजामाच्या सरकारनं त्यांना आवरायचं टाळलं तेव्हा गावंच्या गावं उठून सरहद्दीपलीकडे मुंबई प्रांतात, मध्य प्रांतात निघाली. आज महाराष्ट्रात सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे अशी यादी वर्तमानपत्रात छापून येते. ती वाचून आपण पान उलटतो. पण त्या रुक्ष यादीमागचा विचार तोच आहे: रस्त्यावर शस्त्र घेऊन रांगेनं चालणं हा प्रकार सरकारच्या नजरेखालीच व्हावा. आणि हौशी माणसांना सरकारी चौकटीत आणायचा मार्गही आपण पाहिला आहे. १९४६ च्या डिसेंबरात मुंबई प्रांतात दंगलींच्या काळात होमगार्ड उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. होमगार्डांची दैना, त्यांच्या भत्त्यांची रखडपट्टी हा वेगळा विषय आहे; पण ते कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अमेरिकेत तो विचारावा लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला गोऱ्या वंशवाद्यांचा मेळावा झाला तेव्हा लष्करी कपडे, चिलखती जाकीट आणि रायफली घेतलेल्या खासगी 'मिलिशिया' रस्त्यावर उभ्या होत्या. सैनिक कोण आणि टोळी कोण, हे नुसत्या नजरेनं सांगणं अवघड होतं. नंतर शहरानं या गटांना कोर्टात खेचलं, तेव्हा कामी आले ते राज्याचे जुनेच कायदे. २०२३ मध्ये व्हरमाँटनं खासगी सशस्त्र प्रशिक्षण छावण्यांवर बंदी घालणारा कायदा केला. या पार्श्वभूमीवर कनेक्टिकटनं आपली लाल कोटवाली पथकं खासगी करून टाकली, तर उद्या दुसरं एखादं मंडळ येऊन म्हणेल, त्यांना चालतं तर आम्हाला का नाही? त्यावर विधिमंडळाकडे उत्तर नसेल. सरकारी चौकटीत असलेलं एक शोभेचं पथक हे बाकीच्यांना 'नाही' म्हणण्याचं साधन आहे. लाल कोट ठेवायला मला परंपरेपेक्षा हे कारण जास्त सबळ वाटतं.

आता उलट बाजूचा धोका, आणि माझ्या मते सध्या तोच मोठा आहे. नॅशनल गार्डला दोन धनी असतात, गव्हर्नर आणि राष्ट्राध्यक्ष. १९५७ मध्ये आर्कान्सॉच्या गव्हर्नर फॉबसनं लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू द्यायचं नाही म्हणून गार्ड उभे केले. आयझेनहॉवरनं तेच गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले आणि मुलांच्या संरक्षणाला लावले. १९९० मध्ये मिनेसोटाचा गव्हर्नर पर्पिच सर्वोच्च न्यायालयात हरला आणि ठरलं की परदेशात प्रशिक्षणाला गार्ड पाठवायचे तर राज्याची संमती लागत नाही. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध असताना लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर त्याच राज्याचे गार्ड केंद्राच्या हुकमानं उभे राहिले. अशा वेळी राज्याच्या पुढाऱ्यांच्या मनात येतं की केंद्राला हात लावता येणार नाही अशी आपली स्वतःची तुकडी असावी. केंद्राचा कायदा त्याला वावही देतो: नॅशनल गार्डखेरीज राज्याचं स्वतंत्र संरक्षण दल ठेवता येतं. मग नवी फौज उभारण्याचा गाजावाजा करण्यापेक्षा, अडीचशे वर्षांची सनद असलेल्या पथकालाच 'आपत्तीत मदत', 'सुरक्षेला साहाय्य' अशी मोघम कामं नेमून देणं फार सोपं. विधेयकात एखादी ओळ सरकवली की झालं.

तसं होऊ नये. लिटल रॉकला केंद्रानं हात घातला म्हणून मुलं शाळेत गेली, हे विसरून चालणार नाही. राज्याच्या हातातली फौज म्हणजे आपोआप लोकांच्या बाजूची फौज, असं इतिहास सांगत नाही. संरक्षण दल हवं असेल तर सरळ तसं विधेयक आणावं, त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च दाखवावा, मतदान घ्यावं. मानवंदनेच्या पथकाला पोलिसी अधिकार नसावेत, जमाव पांगवायला ते कधी वापरू नये, आणि संचलनात बंदुका असल्या तर त्या रिकाम्या असाव्यात. पुराच्या वेळी घोडदळाच्या स्वयंसेवकांनी अन्नाची पाकिटं वाटली तर कोणाची ना नाही; ती त्यांनी स्वयंसेवक म्हणून वाटावीत, सैनिक म्हणून नव्हे.

उरला पैसा. घोडदळाच्या कंपन्यांना देणगी घ्यायचा मोह असणारच. घोडे, खोगिरं, तबेले, नालबंदी, सगळ्यालाच पैसे लागतात. देणगी घ्यायला हरकत नाही, पण ती राज्याच्या खात्यात जावी आणि तिथून पथकाकडे यावी. शिवाजी महाराजांनी शिलेदारांपेक्षा बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोडा बसायला घेणाऱ्या स्वारांवर, जास्त भिस्त ठेवली, ती उगीच नव्हे. घोडा स्वतःचा असला की स्वार स्वतःच्या हिशेबानं वागतो, आणि घोडा एखाद्या सावकाराचा असला तर सावकाराच्या. शिकागोच्या धनिकांनी बंदुकांना वर्गणी दिली ती काही संचलन बघायला नव्हती. देणगीदाराच्या मुलाला पुढच्या वर्षी कप्तानकी मिळाली, तर ते पथक राज्याचं राहिलं नाही, एवढं समजावं.

आपल्याकडेही हौस आहेच. १९३२ मध्ये बंद झालेलं मुंबई पोलिसांचं अश्वदल २०२० च्या प्रजासत्ताक दिनी शिवाजी पार्कावर नव्या गणवेशात दिसलं. जमाव आणि वाहतूक आवरायला घोडे उपयोगी पडतील असं सांगितलं गेलं होतं. मुंबईच्या वाहतुकीत घोडा काय आवरणार, हा भाबडा प्रश्न बाजूला ठेवू. शोभेसाठी हवेत असं सरळ म्हटलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. शोभेला कामाचा मुखवटा घालायची सवय लागली की मग शोभेचं पथक खरोखर कामाला लावण्याचीही सवय लागते, आणि तेव्हा त्याला कुठला कायदा लागू आहे, हे शोधत बसावं लागतं.

कनेक्टिकटच्या पथकांकडे निदान कायद्यातली जागा आहे. त्या जागेत आता नेमके शब्द भरायला हवेत: भरती खुली, यादी जाहीर, हिशेब तपासलेला, हुकूम गव्हर्नरचा पण मर्यादा विधिमंडळाची. जुने मानपान आड येतात असं कोणी म्हणेल. ते मानपान केंद्राच्या कायद्यात आहेत, खरं आहे. पण १७९२ च्या कलमानंही मान राखताना त्या कायद्यातली बाकीची सगळी कर्तव्यं त्या तुकड्यांच्या गळ्यात घातलीच होती. ज्या कंपनीला ही कर्तव्यं नको असतील तिनं सनद परत करावी, कोट आणि टोप्या हार्टफर्डच्या एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात, आणि पुढच्या शपथविधीला इतरांसारखं प्रेक्षकांत बसावं.